कॉलेजच्या आवारातली लोहडी

पोह महिन्याच्या अखेरच्या रात्री पंजाबात लोहडी साजरी होते. ही रात्र बहुधा १३ जानेवारीला येते. दुसऱ्या दिवशी माघी, म्हणजे आपल्याकडची मकर संक्रांत. दिवस मावळला की अंगणात, चौकात किंवा गल्लीच्या तोंडाशी लाकडे आणि गोवऱ्या रचून जाळ पेटवतात. त्यात तीळ, गूळ, रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा आणि मक्याच्या लाह्या वाहतात, जाळाभोवती फेऱ्या घालतात, गाणी म्हणतात आणि उरलेला खाऊ वाटून खातात. गावात आणि शहरी वसाहतींत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पंजाब आणि चंडीगडमधल्या कॉलेजांतही लोहडी दरवर्षी होते. मात्र कॉलेजात गर्दी मोठी असते, जागा सार्वजनिक असते, वेळ तुटपुंजा असतो आणि जबाबदारी बहुतेक विशी-बाविशीच्या मुलामुलींवर असते. त्यामुळे घरच्या लोहडीत आपोआप जमून येणाऱ्या कितीतरी गोष्टी इथे आधी ठरवाव्या लागतात.

लोहडीला सुगीचा सण म्हणतात, पण गव्हाची सुगी तेव्हा तीन महिने लांब असते. गहू एप्रिलमध्ये, वैशाखीच्या सुमारास कापणीला येतो. लोहडीला तो हिरवा, वीत-दीड वीत वाढलेला असतो आणि शेजारी सरसों पिवळ्या फुलांवर असते. घरात आलेली असतात ती खरिपाची पिके: मका, तीळ, भुईमूग. उसाची तोड चालू असते आणि गुऱ्हाळांतून ताजा गूळ निघत असतो. जाळात वाहायचे जिन्नस आणि थाळीतले पदार्थ यांतूनच आले आहेत. कार्यक्रम आखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले तर काय आणायचे आणि काय टाळायचे याचा अर्धा निकाल तिथेच लागतो. लोहडीच्या थाळीत केक आणि नूडल्सना जागा नाही. ताज्या गुळाची एक ढेप मात्र असायलाच हवी.

लोहडीच्या केंद्रस्थानी दुल्ला भट्टीची कथा आहे. राय अब्दुल्ला भट्टी हा अकबराच्या काळातला, आज पाकिस्तानात असलेल्या पिंडी भट्टियां गावचा सरदार. मोगलांच्या सारावसुलीविरुद्ध उभे राहिल्याबद्दल त्याच्या बापाला आणि आजोबाला मृत्युदंड झाला होता. पुढे त्यानेही बंड केले आणि लाहोरात त्याला फाशी झाली. तिथल्या मियानी साहिब कबरस्तानात त्याची कबर दाखवतात. लोककथा अशी की सुंदरी आणि मुंदरी नावाच्या दोन गरीब ब्राह्मण मुलींवर एका अंमलदाराची नजर होती. दुल्ल्याने त्यांना सोडवले, रानात जाळ पेटवून त्यांची लग्ने लावली, स्वतः कन्यादान केले आणि जवळ दुसरे काही नव्हते म्हणून शेरभर साखर त्यांच्या ओटीत घातली. ‘सुंदर मुंदरिये’ हे लोहडीचे सर्वांत प्रसिद्ध गाणे याच प्रसंगावर आहे. एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे प्रत्येक ओळीअखेर ‘हो’ म्हणून साथ देतात. गाण्याची चाल पाच मिनिटांत येते, शब्द पाठ नसले तरी ‘हो’ कोणालाही म्हणता येते. बाहेरच्या राज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांना सणात ओढून घेण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

मुसलमान बंडखोराने हिंदू मुलींना आपल्या लेकी मानले आणि त्याचे गुण शीख, हिंदू, मुसलमान अशा सगळ्या पंजाब्यांनी गायले. फाळणीनंतर कथेतली गावे सीमेपलीकडे गेली, तरी गाणे अलीकडे तसेच राहिले. कॉलेजच्या लोहडीत ही कथा जाळ पेटवण्यापूर्वी कोणीतरी सांगावी. ती पंजाबी विभागाच्या प्राध्यापकांनी सांगितली तर उत्तम. एखाद्या ज्येष्ठ माळ्याने किंवा मेसच्या स्वयंपाक्याने सांगितली तर त्याहून उत्तम, कारण पंजाबच्या माझा, मालवा आणि दोआबा या तिन्ही भागांत गाण्याचे पाठ थोडे वेगळे आहेत आणि हे फरक जुन्या माणसांच्याच तोंडी टिकून आहेत. पाच-सात मिनिटे पुरेत. पाहुण्यांची लांबलचक भाषणे त्या जागी बसवणे हा लोहडीवर अन्यायच होय.

लेकींची लोहडी

ज्या घरात वर्षभरात लग्न झाले किंवा मूल जन्मले, तिथे ‘पहिली लोहडी’ थाटात होते. परंपरेने हा थाट मुलगा झाला तरच होत असे. २००१च्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ७९८ मुली आढळल्या. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४मध्येच झाला होता. तरी आकडा इतका खाली होता. त्यानंतर पंजाबात ‘धीयां दी लोहडी’, म्हणजे लेकींची लोहडी, साजरी करण्याची चळवळ पसरली. मुलगी जन्मलेल्या घरांचा सन्मान करायचा, तिच्या नावाने जाळ पेटवायचा, गूळ वाटायचा. शाळा-कॉलेजांनी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी तिला मोठा हातभार लावला. २०११च्या जनगणनेत तोच आकडा ८४६ झाला. तोही समाधानकारक नव्हता, म्हणूनच कॉलेजच्या लोहडीत हा भाग केवळ फलकापुरता ठेवू नये.

तो करायचा कसा? कॉलेजच्या कर्मचाऱ्यांपैकी, शिक्षक, कारकून, सुरक्षारक्षक, सफाई कामगार यांपैकी, ज्यांच्या घरी वर्षभरात मुलगी झाली त्यांची नावे डिसेंबरातच मिळवावीत. त्या आईबापांना आणि आजीला सन्मानाने बोलवावे, जाळ त्यांच्याच हातून पेटवावा आणि बाळासाठी गूळ, तीळ, कपडा अशी साधी ओटी द्यावी. तान्ह्या बाळाला मात्र जाळाजवळ आणि धुक्यात आणू नये. आजीच्या हातून जाळ पेटला तरी मान बाळाचाच असतो. मंचावर रांगेने उभे करून छायाचित्रे काढण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचे आहे. काही कॉलेजांत नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थिनींची ‘कॉलेजातली पहिली लोहडी’ म्हणून त्यांना पहिला मान देतात. हीदेखील चांगली प्रथा आहे आणि तिला खर्च काहीच येत नाही.

दिवस आणि वेळ

१३ जानेवारीच्या संध्याकाळी पंजाबी माणसाला घरी असावेसे वाटते. त्यामुळे रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजचा कार्यक्रम दोन-तीन दिवस आधी आणि दुपारी ठेवणे योग्य. वसतिगृहात राहणाऱ्यांची लोहडी मात्र खऱ्या रात्रीच व्हायला हवी, कारण घरी जाऊ न शकलेल्यांसाठी ती एकमेव लोहडी असते. दोन्ही एकत्र करण्याच्या नादात अनेकदा एकही नीट होत नाही. दुपारचा कार्यक्रम मोठा, गाण्यानाचाचा. रात्रीचा लहान, वसतिगृहापुरता, जेवणासह. अशी वाटणी सहसा यशस्वी होते.

जानेवारीच्या मध्यास पंजाबात थंडी कडाक्याची असते आणि दाट धुके संध्याकाळीच उतरू लागते. रस्त्यावर चार हात पुढचे दिसत नाही, अशा वेळी बस किंवा दुचाकीने गावी परतणारे विद्यार्थी धोक्यात येतात. म्हणून दिवसाचा कार्यक्रम दुपारी एकला सुरू करून चारच्या आत आटोपावा. जाळ पेटवायला अंधाराची वाट पाहिली नाही तरी चालते.

तालमींच्या बाबतीत एक गोष्ट पंजाबबाहेरच्या आयोजकांना बहुधा माहीत नसते. पोह महिन्यात गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या दोन साहिबजाद्यांना, म्हणजे मुलांना, सरहिंद येथे भिंतीत चिणून मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात फतेहगढ साहिब येथे शहीदी सभा भरते. त्या दिवसांत अनेक शीख घरांत लग्न, नाचगाणे असे काहीही करत नाहीत. ढोलाच्या तालमी त्या आठवड्यात वसतिगृहात घुमल्या तर मने दुखावतात. तालमी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्याव्यात, मग थांबाव्यात आणि नव्या वर्षात पुन्हा सुरू कराव्यात.

प्राचार्यांची लेखी परवानगी, सुरक्षा अधिकाऱ्याला कल्पना, मोठा जमाव असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला व अग्निशमन केंद्राला पत्र, एवढे आठवडाभर आधी उरकावे. ध्वनिवर्धकांसाठी २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. शैक्षणिक संस्थांभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो, तेव्हा आपल्या आवाराला कोणता नियम लागू आहे ते आधी विचारून घ्यावे.

जाळ

लोहडीचा जाळ ही सणातली सर्वांत देखणी गोष्ट आणि आयोजकांची सर्वांत मोठी जबाबदारी. जागा उघड्या मैदानात, इमारती, विजेच्या तारा, झाडे आणि उभ्या गाड्यांपासून निदान पंधरा मीटर दूर निवडावी. हिरवळीवर थेट जाळ करू नये. विटांचा एक थर घालून त्यावर चार बोटे माती किंवा वाळू पसरावी. त्यामुळे गवत वाचते आणि निखारे सावडणेही सोपे जाते. रास कमरेपेक्षा उंच नसावी. डोक्यावर जाणाऱ्या राशी छायाचित्रात शोभतात, पण जळता जळता कलंडतात. दीड क्विंटल कोरडे लाकूड दोन तासांच्या जाळाला बहुधा पुरते. त्याहून अधिक लाकूड जाळून सण मोठा होत नाही आणि धुक्याच्या दिवसांत धूर वर न जाता जमिनीलगतच कोंडून राहतो.

लाकूड शक्यतो आवारातलेच असावे. पावसाळ्यानंतर माळी फांद्या छाटतात. त्या ऑक्टोबरपासून आडोशाला वाळत ठेवल्या तर जानेवारीत विकतचे लाकूड जवळपास लागत नाही. बाभूळ आणि शिसव बराच वेळ जळतात व निखारा धरतात. निलगिरी आणि पॉपलर पटकन पेटतात, म्हणून ती खाली रचावी. मध्ये शेणाच्या गोवऱ्या, वर जाड ओंडके, आणि हवा खेळण्यासाठी तळाशी दोन बाजूंना पोकळी. ओले लाकूड, रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, जुनी बाके, टायर हे काही जाळू नये. भाताचा पेंढाही नको. तो भडकन पेटतो आणि जळत्या काड्या वाऱ्याने उडतात.

पेटवण्यासाठी तुपात भिजवलेला कापूस आणि कापूर पुरतो. पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेल आवाराच्या आत येऊच देऊ नये. लोहडीच्या रात्री चेहरा आणि हात भाजण्याचे प्रसंग बऱ्याचदा विझत आलेल्या जाळावर इंधन ओतल्यानेच घडतात: वाफ आधी पसरते, ज्वाळा तिच्या वाटेने थेट डब्याकडे धावते. जाळ मंदावला तर बारीक सुक्या काटक्या घालाव्यात.

राशीभोवती चार-पाच मीटरवर चुन्याची रेघ ओढून दोरी बांधावी. फेऱ्या या रेघेबाहेरून. तीळ-रेवड्या वाहण्यासाठी एका बाजूला वाट ठेवावी आणि पाच-सहा जणांनाच एका वेळी आत सोडावे. चार स्वयंसेवक फक्त जाळाकडे पाहण्यासाठी नेमावेत, त्यांनी नाचू नये, मोबाइलही हातात घेऊ नये. जवळ पाण्याच्या आणि वाळूच्या बादल्या, अग्निशामक नळकांडी, एक जाड घोंगडी. ओढणीने पेट घेतला तर मुलीने पळू नये. तिला जमिनीवर आडवी करून घोंगडीत गुंडाळावे आणि लोळवावे. भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा आणि बाकीचे अंग उबदार पांघरावे. पंजाबातल्या थंडीत नळाखाली वीस मिनिटे हात धरवत नाही, म्हणून लोक बर्फ किंवा टूथपेस्ट लावून मोकळे होतात. दोन्हींनी जखम बिघडते.

रेघेच्या आत प्लास्टिकची पिशवी, कागदी पेला, थर्मोकोलची वाटी काही जाता कामा नये. जाळात वाहायचे ते चिमूटभरच. मूठ-मूठ शेंगा आणि किलोकिलो रेवड्या आगीत टाकणे ही परंपरा नव्हे. पिकाचा पहिला वाटा अग्नीला द्यायचा आणि बाकीचा माणसांनी खायचा, एवढाच त्यामागचा भाव आहे.

गोळा करण्याची फेरी

लोहडीच्या आधी काही दिवस मुले टोळ्या करून दारोदार फिरतात, गाणी म्हणतात आणि गूळ, तीळ, गोवऱ्या, लाकूड, पैसे मागतात. कॉलेजात हा भाग सर्वांत आधी गळतो, कारण निधी मंजूर झालेला असतो आणि मागायची गरज उरत नाही. खरे तर तोच सर्वांत आधी वाचवायला हवा. लोहडीच्या आठवड्यात रोज एक तास वीस-पंचवीस विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या निवासस्थानांत, कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत आणि वसतिगृहांच्या मजल्यांवर फिरावे. सोबत कर्मचाऱ्यांची लहान मुले घ्यावीत; गाणी त्यांनाच जास्त येतात. कोणी एक ओंडका देतो, कोणी पावशेर गूळ, कोणी नुसता चहा. जे देतील त्यांना जाळाच्या दिवशी बोलावणे आपोआप जाते, आणि एरवी कार्यक्रमाच्या कडेला उभी राहणारी वसाहत त्या दिवशी मधोमध येते. बाहेरच्या दुकानदारांकडे पावतीपुस्तक घेऊन मात्र जाऊ नये. तिथे मागणे संपून वसुली सुरू होते.

गाणे, गिद्धा, भांगडा

आज मंचावर दिसणारा भांगडा बऱ्याच अंशी कॉलेजांनीच घडवला. पश्चिम पंजाबात गव्हाच्या हंगामात शेतकरी नाचत असत, त्याचे अनेक स्थानिक प्रकार होते. फाळणीनंतर पतियाळाच्या मोहिंद्रा कॉलेजातली तरुण मंडळी, सुनामचे मनोहर दीपक आणि त्यांचे बंधू, ढोलवादक भाना राम यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या चाली एका बांधेसूद नाचात आणल्या. हे पथक १९५४मध्ये दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात नाचले आणि १९५७च्या ‘नया दौर’ चित्रपटातही दिसले. त्यानंतर विद्यापीठांच्या युवक महोत्सवांतून भांगड्याच्या स्पर्धा रुजल्या. कॉलेजच्या मुलांना हा इतिहास सांगावा. आपल्यासारख्याच मुलांनी हा नाच उभा केला हे कळले की तालमीला वेगळे बळ येते.

तरीही लोहडीला अधिक शोभतो तो गिद्धा. मुली अर्धवर्तुळात उभ्या राहतात, एक जण बोली, म्हणजे छोटे लोकगीत, उचलते, बाकीच्या टाळ्यांचा ठेका धरतात आणि दोघी मध्ये येऊन तिचा अर्थ नाचून दाखवतात. वाद्य जवळजवळ लागतच नाही. सासर, नणंद, परदेशी गेलेला नवरा, महागाई, परीक्षा अशा कशावरही नवी बोली रचता येते. महिनाभर आधी बोली रचण्याची स्पर्धा ठेवली तर नाचता न येणारेही सहभागी होतात.

ढोल भाड्याने घेण्यापेक्षा ढोली बोलवावा. ढोलाच्या जाड घुमाऱ्या बाजूवर वाकडी जाड काठी, डग्गा, आणि पातळ बाजूवर बारीक तिल्ली चालते. या दोहोंच्या खेळातून ताल कसा उभा राहतो ते त्याच्याकडून पंधरा मिनिटे समजून घेण्यासारखे आहे. त्याचे मानधन आधी ठरवावे आणि कार्यक्रम संपताच हातात द्यावे. फेरीत फेकलेल्या नोटांवर त्याची बोळवण करू नये.

पहिला तास ध्वनिवर्धक बंद ठेवावा. हा नियम कडक वाटतो, पण त्याने फरक पडतो. डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या की गाणारे गप्प होतात, ढोल ऐकू येत नाही आणि जाळ नुसता देखाव्याला उरतो. पहिल्या तासात कथा, जाळ, ‘सुंदर मुंदरिये’, गिद्धा. नंतर हवे तर ध्वनिवर्धकावर भांगडा. गाण्यांची यादी आधी तपासावी: दारू, अमली पदार्थ आणि बंदुकांचा गौरव करणारी गाणी पंजाबी बाजारात भरपूर आहेत, आणि अशी गाणी कार्यक्रमांत वाजू देऊ नयेत असे पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०१९मध्ये बजावले आहे. नाचाची जागा जाळापासून दहा मीटर दूर आणि धूर जिकडे जात नाही त्या बाजूला असावी. घेरदार घागरे आणि गिरक्या ज्वाळेशेजारी नकोत.

पोशाखाबद्दल एवढेच, की सुती किंवा लोकरी कपडे घालावेत. फुलकारी खादीवरची असेल तर चालते; बाजारात स्वस्तात मिळणारी नायलॉनची जाळ लागताच वितळते आणि कातडीला चिकटते. वेणीचा परांदा आणि ओढणी खोचून घ्यावी.

थाळी

सुका खाऊ सोपा आहे. दोनशे जणांना पंधरा ते अठरा किलो टरफलासकट भाजलेल्या शेंगा, सहा-सहा किलो रेवडी आणि गजक, तीन किलो मक्याच्या लाह्या पुरतात. तीळ आणि खवा कुटून केलेला भुग्गा मिळाला तर तोही थोडा घ्यावा. शेंगा पंजाबात पूर्वी मुबलक पिकत. भात वाढला तसा भुईमूग मागे पडला आणि आता त्या मुख्यतः राजस्थान-गुजरातहून येतात. खाऊ कागदी पिशवीत किंवा सुपात वाटावा. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना फक्त गजक-रेवडी वेगळ्या ठिकाणी ठेवून भागत नाही, कारण एकाच हाताने सगळे मिसळते; त्यांच्यासाठी बंद पाकिटे असावीत. टरफलांसाठी टोपल्या मांडायला विसरू नये.

जेवणात सरसोंचे साग आणि मक्याची रोटी हवीच. सागाचे काम आदल्या दिवशी सुरू होते: सरसोंच्या चार हिश्श्यांना पालक एक आणि चाकवत एक, दांडे सोलून बारीक चिरायचे, मंद आचेवर तीन-चार तास शिजवायचे, मग घोटण्याने घोटत मक्याचे पीठ भुरभुरायचे. हे पीठ, म्हणजे आलण, पडले नाही तर पाणी वेगळे आणि पाला वेगळा राहतो. वर आले-लसणाची फोडणी आणि लोण्याचा गोळा. मिक्सरमधून काढलेले साग गुळगुळीत होते, पण त्याचा पोत जातो. मक्याच्या रोट्यांची अडचण निराळी. पिठाला चिकटपणा नसल्याने रोटी गरम पाण्यात मळून हातावर थापावी लागते, आणि दोनशे जणांना दोन-दोन म्हणजे चारशे रोट्या. साधारण पंचवीस किलो पीठ आणि किमान चार मोठे तवे लागतात. विद्यार्थ्यांनी तासा-तासाच्या पाळ्या लावून मेसच्या स्वयंपाक्यांकडून थापायला शिकावे. पहिल्या वीस रोट्या फाटतात, नंतर हात बसतो.

आणखी एक पदार्थ वसतिगृहाने चुकवू नये, तो म्हणजे रौ दी खीर. उसाच्या रसात तांदूळ शिजवून ती करतात. दूध-साखर लागत नाही. किलोभर तांदळाला आठ ते दहा लिटर ताजा रस घ्यावा, गाळून उकळावा, वर येणारी मळी पुन्हा पुन्हा काढावी आणि रस स्वच्छ झाल्यावरच धुतलेले तांदूळ सोडावेत. मळी राहिली तर खीर काळपट आणि तुरट होते. मंद आचेवर दोन-अडीच तास हलवत राहावे. ही खीर लोहडीच्या रात्री, पोहमध्ये, शिजवायची आणि सकाळी, माघात, थंडगार दह्याबरोबर खायची असा रिवाज आहे. थंडी असल्याने रात्रभर ती चांगली राहते. रस त्याच दिवशी काढलेला हवा, सकाळचा रस संध्याकाळपर्यंत आंबतो.

माघीच्या सकाळी अनेक शीख विद्यार्थी गुरुद्वारात जातात. १७०५च्या खिदराण्याच्या लढाईत पडलेल्या चाळीस मुक्त्यांच्या, म्हणजे मुक्ती मिळालेल्या मानलेल्या शिखांच्या, स्मरणार्थ श्री मुक्तसर साहिब येथे या काळात मोठा मेळा भरतो. त्या दिवशी तास असतील तर पहिले दोन तास मोकळे ठेवण्याची विनंती आधीच करून ठेवावी.

बाहेरून आलेले विद्यार्थी

रोपड, जालंधर, बठिंडा, चंडीगड इथल्या राष्ट्रीय संस्थांत देशभरातून मुले येतात, त्यांत मराठी मुलेही असतात. लोहडीच्या दिवशीच आपल्याकडे भोगी असते: तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हंगामातल्या भाज्यांची मिसळ भाजी. आंध्र-तामिळनाडूतल्या भोगीला पहाटे जाळ होतो, आसामात माघ बिहूला मेजी पेटते. या साम्याचा फायदा घ्यावा. मेसमध्ये दुसऱ्या दिवशी तिळगूळ, पोंगल, पिठा यांना जागा द्यावी. पण लोहडीच्या संध्याकाळी सगळ्या प्रांतांचे नाच एकामागून एक मंचावर आणून तिचे स्नेहसंमेलन करू नये. पाहुण्याने यजमानाचे गाणे शिकावे आणि दुसऱ्या दिवशी आपला तिळगूळ त्याच्या हातावर ठेवावा, हीच रीत दोघांना आवडते. मराठी विद्यार्थ्यांना आणखी एक जागा जवळची आहे: गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान, जिथे संत नामदेवांनी अखेरची बरीच वर्षे घालवली आणि जिथे २०१५चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. माघीच्या सुमारास तिथेही नामदेवांच्या नावाने मेळा असतो. लोहडीला जोडून सहल काढण्यासारखे ठिकाण आहे.

अमृतसर भागात लोहडीला पतंगही उडतात. आवारात पतंग उडवायचे असतील तर सुती दोराच असावा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७मध्ये देशभर बंदी घातली आहे. अशा मांजाने पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे चिरतात.

जाळ विझल्यावर

कार्यक्रम संपल्यावर निखारे आपोआप विझतील म्हणून सोडून जाऊ नये. फावड्याने रास पसरावी, पाणी शिंपावे, उकरून पुन्हा शिंपावे आणि हात जवळ नेला तरी धग लागत नाही अशी खात्री झाल्यावरच शेवटच्या स्वयंसेवकाने जागा सोडावी. सर्वांत महत्त्वाची सूचना वसतिगृहासाठी: उबेसाठी कोणीही निखाऱ्याची शेगडी खोलीत नेऊ नये. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो; त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशाने माणसे दगावतात. त्या रात्री अधीक्षकांनी आणि दोन वरिष्ठ विद्यार्थ्यांनी प्रत्येक मजल्यावर खोल्यांची फेरी मारावी.

सकाळी राख पूर्ण थंड झाल्यावर गोळा करून चाळावी, खिळे-काच काढून टाकावी आणि थोडी थोडी कंपोस्टच्या खड्ड्यात मिसळावी. विटा आणि वाळू उचलून मैदान पूर्ववत करावे. हे काम सफाई कामगारांवर न टाकता आयोजक विद्यार्थ्यांनी करावे. आठवड्याभरात जमाखर्च सूचनाफलकावर लावावा. किती लाकूड लागले, किती रोट्या उरल्या, ढोलीला काय दिले, कोणत्या घरांनी काय दिले, कोणती बोली सर्वांना आवडली, हे सगळे एका वहीत लिहून ती पुढच्या वर्षीच्या समितीकडे सोपवावी. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात, त्यामुळे ही वही विद्यार्थी कल्याण विभागाच्या कपाटात ठेवणे बरे.